आधी डावा पाय

आपल्याकडे नवी नवरी उंबरठा ओलांडते ती उजवा पाय आधी टाकून. नवं घर असो, नवं दुकान असो की परीक्षेचा पहिला पेपर, निघताना आजी हमखास बजावते: उजवा पाय पुढे! आणि मग त्याच आजीचा नातू सैन्यात भरती होतो. काळी ट्रंक घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये दाखल होतो, केसांचा कटोरा कट होतो, आणि परेड ग्राउंडवर उस्ताद पहिला धडा देतात: 'तेज चल' म्हटलं की डावा पाय आधी. कायम. सगळ्यांचा. एकाच क्षणी.

सतरा-अठरा वर्षं चालत आलेल्या मुलाला पुन्हा चालायला शिकवायचं?

बरं, हा मुलगा काही लेचापेचा नव्हे. भरतीच्या मैदानावर तो १.६ किलोमीटर पळालेला असतो आणि साडेपाच मिनिटांच्या आत आला असेल तर त्याला ६० पैकी ६० गुण मिळालेले असतात. बीमला लटकून दहा पुलअप्स काढून ४० गुण घेतलेले असतात, नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडलेला असतो. गावाकडच्या रस्त्यांवर पहाटे चारला पळणारी पोरं आपण पाहतोच, त्यांतलाच तो. म्हणजे अंगात रग आहे, छातीत दम आहे. मग पायदळातल्या अग्निवीराला पुढचे सुमारे ३१ आठवडे, आधी १० आठवडे मूलभूत आणि नंतर २१ आठवडे प्रगत, शिकवतात तरी काय?

उत्तर शोधायला त्या डाव्या पायापासूनच सुरुवात करू. कारण सैनिकी प्रशिक्षणातली गंमत अशी की, जी गोष्ट सगळ्यांत निरर्थक वाटते, तिच्याच पोटात सगळ्यांत मोठं नवल दडलेलं असतं.

आधी हुकूम ऐका. 'तेज' हा शब्द उस्ताद लांबवतात, मग क्षणभर थांबतात, आणि 'चल' हा शब्द चाबकासारखा येतो. 'दाहिने' लांब, 'मुड़' तुटक. असं का? पहिला शब्द काय करायचं ते सांगतो, दुसरा कधी करायचं ते. पहिला ऐकताच मेंदू पुढच्या हालचालीची जुळवाजुळव करून ठेवतो आणि दुसऱ्या शब्दाला फक्त खटका दाबायचा उरतो. धनुष्य आधी ताणायचं, मग सोडायचं, तसंच हे. शंभर माणसं एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी वळतात, त्याचं गुपित या दोन शब्दांमधल्या छोट्याशा शांततेत आहे!

आता चाल पाहा. 'तेज चल'चा वेग मिनिटाला १२० पावलं, एक पाऊल ३० इंचांचं. गुणाकार करा: मिनिटाला बरोबर ३०० फूट, तासाला साधारण साडेपाच किलोमीटर. पण खरी गंमत पुढे आहे. मिनिटाला १२० म्हणजे सेकंदाला दोन पावलं. माणसं रोजच्या व्यवहारात आपापल्या तंद्रीत चालत असताना संशोधकांनी त्यांच्या पावलांचा ठेका मोजला. तो भरला सेकंदाला दोनच्या आसपास! उंच असो वा बुटका, माणसाच्या शरीराचा हा जणू अंगभूत ताल. म्हणजे परेड ग्राउंडवरचा हुकूम त्या पोराच्या अंगावर परका ताल लादत नाही. प्रत्येकात आधीपासून असलेलाच ठेका सगळ्यांचा एका वेळी सुरू करून देतो.

मुळात हे सगळं सुरू कुठे झालं? चला, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नेदरलँड्सला जाऊ. तिथला सेनापती मॉरिस ऑफ नासाऊ याच्यापुढे एक अडचण होती. त्या काळची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात शत्रू अंगावर यायचा. १५९४ साली त्याच्या चुलतभावाने त्याला पत्र लिहून एक युक्ती सुचवली. ती या भावाला सुचली होती प्राचीन रोमन सैन्याची वर्णनं वाचताना! सैनिक एकामागे एक रांगांत उभे करायचे. पहिल्या रांगेने गोळी झाडायची, मागे जायचं, बंदूक भरत भरत पुन्हा पुढे यायचं. तोवर दुसरी रांग, मग तिसरी. रहाटगाडग्याचे पोहरे आठवा, एक रिता होतो तोवर दुसरा भरून वर आलेला असतो.

पण त्यात एकाने जरी घोळ घातला, तरी अख्खं रहाटगाडगं अडणार. म्हणून बंदूक भरण्याच्या क्रियेचे तुकडे पाडले गेले. १६०७ साली याकोब दे गेन या चित्रकाराचं एक पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात मस्केट नावाची एकच बंदूक हाताळायच्या ४० हून अधिक स्थिती होत्या, प्रत्येकीसाठी वेगळं चित्र. लिहिता-वाचता न येणारा शेतकऱ्याचा मुलगाही ती बघून शिकू शकेल!

आता विचार करा. तशी बंदूक आज कोणी वापरत नाही. रांगा धरून कोणी लढत नाही; तसं उभं राहिलं तर मशीनगन एका झटक्यात सगळ्यांना आडवं करील. मग चारशे वर्षांनंतरही बेळगावच्या मैदानावर कवायत का चालते?

याचं एक उत्तर विल्यम मॅक्नील या अमेरिकन इतिहासकाराला स्वतःच्या पायांतून मिळालं. १९४१ साली तो टेक्ससमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला. तिथे पुरेशी शस्त्रसामग्रीच नव्हती, म्हणून रिक्रूटांना नुसतं चालवत ठेवायचे, तासन् तास. त्याला हे वेडगळ वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याला जाणवला एक विलक्षण आनंद, आपण स्वतःपेक्षा मोठे झालो आहोत असा. ती जाणीव त्याच्या मनात इतकी रुतून बसली की पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९५ साली, त्याने त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं: माणसं एका तालात हलली की आतून एकमेकांशी जोडली जातात.

हे नुसतं वाटणं होतं का? २००९ साली ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग केला. खेळाडूने एकट्याने व्यायाम केला आणि तेवढाच व्यायाम संघासोबत एका तालात केला, तर काय फरक पडतो? व्यायामानंतर वेदना सहन करायची ताकद वाढते हे माहीत होतं. पण सोबतीने, तालात केलेल्या व्यायामानंतर ती आणखी जास्त वाढलेली आढळली. कष्ट तेवढेच, सोसण्याचं बळ मात्र जास्त!

मराठी माणसाला यासाठी ऑक्सफर्डला जायची गरजच नाही म्हणा. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारी दिंडी डोळ्यांपुढे आणा. सत्तरीतली माणसं आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतात. लेझीम खेळताना दमलेला गडी हलगीच्या कडकडाटात पुन्हा उसळतो. परेड ग्राउंडवर 'एक-दो-एक' करणारा रिक्रूट त्याच जुन्या झऱ्याचं पाणी पीत असतो.

आणि एका तालातल्या पावलांची ताकद केवढी? १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडमध्ये ७४ सैनिक ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून चालले होते. पूल त्यांच्या पावलांच्या ठेक्यावर हिंदकळू लागला. सैनिकांना मजा वाटली, त्यांनी ठेका आणखी घट्ट धरला, आणि पूल कोसळला! झोक्याला योग्य क्षणी छोटा छोटा धक्का देत राहिलं की झोका आकाशाला भिडतो, तसंच हे. सुदैवाने कोणी दगावलं नाही. पण तेव्हापासून पुलावर चढताना सैनिकांना पाऊल मोडून, आपापल्या ठेक्याने चालायला सांगतात.

इकडे मैदानावर घाम गाळताना त्या मुलाच्या शरीराच्या आत काय चाललेलं असतं? पहिल्या काही आठवड्यांत त्याची ताकद भराभर वाढते, पण दंड मात्र फारसे जाड झालेले नसतात. मग ताकद आली कुठून? नसांमधून! असलेल्या स्नायूंमधले जास्तीत जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. म्हणजे पोरगा परेड शिकत असतो, आणि आत त्याचे स्नायूही परेडच शिकत असतात.

घामाचंही तसंच. उन्हात रोज राबलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर जणू नवा कारभार सुरू करतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर फुटायला लागतो, आणि त्या घामात मीठ कमी असतं. शरीर चक्क मीठ वाचवायला शिकतं!

हाडांची गोष्ट मात्र जपून ऐकण्यासारखी आहे. जास्त भार पडू लागला की हाड स्वतःची नवी बांधणी सुरू करतं. पण जुना वाडा पाडल्याशिवाय नवा कसा बांधणार? हाडाच्या पेशीही आधी जुना भाग पोखरून काढतात आणि मग नवा घालतात. पोखरणं लवकर उरकतं, भरायला महिने लागतात. त्यामुळे मधल्या आठवड्यांत हाड मजबूत होण्याआधी थोडं कमजोर होतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब चालणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन केलं, पण कारण कळेना. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९७ मध्ये कोडं सुटलं: पायाच्या हाडांना बारीक चिरा गेलेल्या होत्या.

आता प्रशिक्षणातला मला सर्वांत थक्क करणारा भाग: रिक्रूटला पाहायला आणि ऐकायलाही पुन्हा शिकवतात.

एका तासाचं नावच आहे 'चीजें क्यों नज़र आती हैं', म्हणजे वस्तू दिसतात का. किती साधा प्रश्न! समोरच्या झुडपात माणूस दडलाय, तो तुम्हाला कशामुळे दिसतो? आकारामुळे, चकाकीमुळे, सावलीमुळे, आभाळावर उमटलेल्या आकृतीमुळे, आजूबाजूपेक्षा वेगळ्या पोतामुळे, एकसारख्या अंतरामुळे, आणि सगळ्यांत जास्त, हालचालीमुळे. निसर्गात समान अंतरावर सहसा काहीच उगवत नाही. तशी पाच झुडपं दिसली की समजायचं, ती झुडपं नव्हेत.

मग रात्र. अंधारात डोळा पुरता सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि लख्ख उजेडाची एक तिरीप ती सगळी कमाई घालवते. म्हणून अचानक उजेड झाला तर एक डोळा मिटून घ्यायला शिकवतात, निदान त्या डोळ्याचा अंधार शाबूत राहावा! आणखी एक धडा: अंधारात वस्तूकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा. कारण डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी मंद उजेडात काम करणाऱ्या पेशीच नसतात. खोटं वाटतं? आज रात्री गच्चीवर जा आणि एखाद्या अंधुक ताऱ्याकडे रोखून बघा. तो दिसेनासा होईल. नजर किंचित बाजूला घ्या. आला परत!

आणि कान? रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते, आवाज जेमतेम ३४० मीटरने. म्हणजे गोळी स्वतःच्या धमाक्याला मागे टाकून पुढे येते! जवळून जाताना ती हवा चिरते, त्याचा 'कडाक' आधी ऐकू येतो, बंदुकीचा 'धप्प' नंतर. दोन्हींमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंतर पडलं तर झाडणारा साधारण तीनशे मीटरवर आहे. विजेनंतर गडगडाटापर्यंत आकडे मोजायचो ना लहानपणी? तेच गणित, फक्त इथे जीव त्यावर टांगलेला असतो.

आता प्रशिक्षणातला एक चीड आणणारा नियम बघा: एकाची चूक आणि रगडा अख्ख्या स्क्वॉडला. अन्याय वाटतो. पण रात्री एकाने ओढलेली काडी सगळ्यांची जागा दाखवून देते. गोळी काही काडी कोणी ओढली ते विचारत येत नाही. तीच गोष्ट बिछान्याच्या घडीची आणि मोजून मांडलेल्या सामानाची. मिट्ट काळोखात हात जिथे जाईल तिथेच वस्तू सापडायला हवी.

म्हणजे बघा, या ३१ आठवड्यांत घडतं ते एकच: डोक्याने विचार करून करायच्या गोष्टी शरीरात उतरवल्या जातात आणि एकट्याच्या गोष्टी सगळ्यांच्या केल्या जातात. भीतीने बुद्धी गोठते त्या क्षणी हात, पाय, डोळे, कान आणि शेजारी उभा असलेला 'बडी' आपापलं काम करत राहतात.

मग येतो कसम परेडचा, म्हणजे शपथेचा दिवस. १७६८ मध्ये उभ्या राहिलेल्या पलटणीचा वारसा सांगणारी ही मराठा रेजिमेंट नव्या शिपायांना आपल्यात घेते, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना होते. साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात, पहिल्या महायुद्धात ज्याचे ४६ जवान कामी आले, त्या गावाला हा दिवस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी यंदा निघालं असेल, तर त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. पळण्याचा सराव महिनोन् महिने, हळूहळू वाढवत कर, म्हणजे हाडांना सवड मिळेल. आणि नडगी किंवा पाऊल एकाच जागी सतत दुखायला लागलं तर दात-ओठ आवळून सोसू नकोस, लगेच उस्तादांना सांग आणि एमआय रूम, म्हणजे पलटणीतला दवाखाना, गाठ. तुझं हाड वेळेवर जपणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

आणि घरातून निघताना आजी म्हणेल तसा उजवा पाय आधी टाकू दे त्याला. डावा पाय उस्ताद बघून घेतील.