उंदीर उचलावा कसा?

घरात सापळ्यात उंदीर मेला की आपण त्याला शेपटीला धरून उचलतो आणि बाहेर फेकतो. प्रयोगशाळेतल्या जिवंत पांढऱ्या उंदरालाही वर्षानुवर्षे असेच उचलत आले आहेत. पिंजरा साफ करायचा, वजन घ्यायचे, सुई टोचायची, की धरली शेपटी. हाताला चावा बसत नाही आणि काम लवकर उरकते.

नागपूरच्या बौद्ध कुटुंबांनी या उंदराची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच वस्तीत आहे. विदर्भात सिकलसेल ज्या समाजांत अधिक आढळतो, त्यांत आपला समाज आहे. थंडी बाधली, अंगातले पाणी कमी झाले, मनावर ताण आला, की लेकराचे हातपाय कसे ठणकू लागतात, हे ज्या आईने पाहिले तिला वेगळे सांगायला नको. १९९७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी माणसाचे सिकल हिमोग्लोबिन असलेले उंदीर तयार केले. नव्या औषधांची पारख अशा उंदरांवर होते. औषधाने वेदना कमी झाली का, हे पाहायचे आणि उंदीर तर हात दिसताच भेदरलेला! मग जे दिसते ते औषधाचे की भीतीचे?

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही उंदरांना शेपटीने उचलले, काहींना ओंजळीत घेतले, काहींना नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले. शेपटीवाले उंदीर हातापासून दूर पळत, उचलताना मुतत, लेंड्या टाकत. नळीतले उंदीर थोड्याच दिवसांत आपण होऊन हाताजवळ येऊ लागले. उंचावर बांधलेल्या चार फाट्यांच्या वाटेवर सोडले, तेव्हा शेपटीवाले भिंतीच्या आडोशालाच अधिक राहिले, उघड्या फाट्यांवर जायला धजेनात.

२०१७ साली केली गूव्हिया आणि हर्स्ट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नवा वास ओळखतो का, या परीक्षेत शेपटीने उचललेला उंदीर नापास दिसला, कारण तो वासाजवळ फारसा जातच नव्हता. नळीतल्या उंदराने तोच फरक बरोबर ओळखला. भीतीने गप्प बसलेल्या पोराला ‘ढ’ ठरवणारे मास्तर आमच्या पिढीने पाहिले आहेत, म्हणून हे आम्हाला लगेच पटले.

पहिले शील घेणाऱ्याला इथे प्रश्न पडेल, की मुळात उंदरावर प्रयोग करावाच का? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि हौसेपोटी होणारी हत्या यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर औषधाच्या प्रयोगाला गरज म्हणता येईल, त्यावर वाद होऊ शकतो. पण शेपटी धरणे ही कोणाची गरज? ती नुसती सवय आहे. वेळ नाही, ही सबबही चालत नाही. पिंजरा बदलताना दोन सेकंद नळीने उचलले तरी उंदीर माणसाळतो, असे याच संशोधकांनी २०१९ साली दाखवले.

आणखी एक बाब आम्हाला टोचते. उंदराला रोज उचलतो कोण? बहुतेक वेळा भुसा बदलणारा, पिंजरे धुणारा परिचर. प्रबंधावर नाव साहेबांचे येते, परंतु प्रयोग खरा की खोटा ठरणार ते या माणसाच्या हातावर. त्याला कोणी शिकवलेच नसेल तर दोष त्याचा नाही. शिकवण्याच्या वर्गात आधी त्याला बसवले पाहिजे.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेत नीतिसमिती असावी लागते. तिच्यात विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्यही असतो. आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींनी ही जागा का घेऊ नये? आणि आपली जी मुले-मुली फार्मसीला आहेत, त्यांनी पहिल्याच प्रात्यक्षिकाला विचारावे, “सर, पिंजऱ्यात नळी आहे का?”

नळी म्हणजे फार काही नाही. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची, उंदीर सहज मावेल एवढी. ती पिंजऱ्यातच ठेवावी. उचलायच्या वेळी भिंतीलगत धरून उंदराला हळूच तिच्याकडे वळवावे, तो आत शिरला की आडवी उचलावी, हवे तर तोंडाशी तळहात सैल धरावा. पारदर्शक नळी असली तर आत उंदीर कसा बसला आहे, तेही दिसते.