चपलेची खालची बाजू

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत नवखा माणूस भांबावतो. ओळीनं दुकानं, दारात टांगलेल्या सारख्याच चपला आणि सगळीकडे एकच शब्द, ‘अस्सल’. माल पुष्कळदा अथणी-निपाणीकडून आलेला, म्हणून स्पर्धा उरते ती भावाची. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नकली मालाला उत्तर मिळालं, पण शेजारच्या दुकानाहून आपण वेगळे कसे, हा प्रश्न ज्याचा त्याच्याकडेच राहिला.

ज्या मामांच्या दुकानात मी बसायचो, ते गिऱ्हाईक आलं की चप्पल उलटी धरतात. बाकीचे वेणी आणि गोंडा दाखवतात, हे तळ दाखवतात. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजवून मऊ करायचं, रापीनं तळ कापायचे, दोन तळांच्या मध्ये कान बसवायचे आणि आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा कुठेच नाही. वेणी घरातल्या बायका घालतात. नुसती चिकटवलेली चप्पल वरून हुबेहूब अशीच दिसते. टाका खरा की देखाव्याचा, हे मामा गिऱ्हाइकाचं बोट त्यावरून फिरवून पटवतात. मग कागदावर दोन्ही पाय आखून घेतात. दोन्ही पाय सारखे नसतात आणि चप्पल चावते ती बहुधा तिथेच, कानापाशी नाहीतर अंगठ्यात.

“मिरगात घालायला नेताय? मग नका नेऊ, ताई. भिजली की फुगणार,” असं सांगून त्यांनी हातातलं गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी पाहिलंय. धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही असं वाटेल. मला मात्र त्यांचा सगळ्यात पक्का हिशेब हाच वाटतो, कारण तीच माणसं पावसाळा सरल्यावर येतात, झिजलेली टाच बदलायलाही इथेच येतात. आखलेले कागद नाव घालून जपलेले असल्यानं पुण्या-मुंबईची माणसं फोनवरच नवा जोड सांगतात.

भाव शेजाऱ्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे काही जण विचारून निघून जातात. मामा थांबवत नाहीत. अलीकडे समोरच्या दुकानातही लोक चप्पल उलटी करून बघू लागलेत, हे मी त्यांना सांगितलं.

“बघू देत की,” ते म्हणाले, “मग त्यालाबी टाका नीट घालायला लागंल.”