अंग बाहेर येते? लपवू नका, दाखवा

भाताची आवणी लागली की डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात बाई दिवसभर वाकलेली असते. सकाळी डोक्यावर हंडे, मग चिखल, परतताना लाकडांची मोळी. बाळंतपणाला महिना झालेला नसला तरी घरात दुसरे हात नसतात. मग एके दिवशी खोकताना लघवीचे थेंब जातात, ओटीपोट खाली ओढल्यासारखे वाटते, आंघोळ करताना हाताला काहीतरी लागते. 'अंग बाहेर येते' असे बायका आपापसांत कुजबुजतात. नवऱ्याला सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच.

अशा तुम्ही एकट्याच नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती माहिती 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. शंभरात ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या मात्र शंभरात आठच!

पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडे तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ती ताणली जाते. ती पुन्हा आवळण्याआधीच ओझे उचलले, किंवा जुना खोकला, बद्धकोष्ठ असले, की ती सैल पडते. आपल्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीत म्हणूनच शहाणपण आहे. डॉक्टरही सहा आठवडे जड उचलू नका म्हणतात. तेवढे दिवस हंडा घरातल्या पुरुषांनी आणावा.

आता जबड्याचे. ओझे उचलताना आपण दात आवळतो, श्वास कोंडतो आणि पोटातला सारा दाब झोळीवर येतो. हाताने सांधे हाताळणारे ऑस्टिओपथीचे काही जाणकार जबड्याचा सांधा आणि ही झोळी यांचे नाते सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. जबडा चोळून अंग वर जाईल असे कोणी म्हटले तर पैसे देऊ नका. पण दात सैल सोडून, तोंडाने फुंकर घालत ओझे उचलायला काय हरकत आहे?

खरा उपाय व्यायामाचा. अमेरिकेतल्या डॉ. केगेल यांनी तो १९४८ साली मांडला. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आवळतात तेच आत-वर ओढा, पाच अंक मोजा, तितकाच वेळ सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवा. चूल फुंकून झाल्यावर बसल्याबसल्याही होते, कोणाला कळतही नाही. तीन महिने चिकाटी हवी. अंग फार उतरले असेल तर व्यायाम पुरत नाही. मग आत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी असते, शस्त्रक्रियाही असते. गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याची एक पद्धत मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनीच काढली. म्हणून कोणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढा' म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ साली किती गाजला, आठवते ना?

लघवी अडली, रक्त गेले किंवा बाहेर आलेल्या भागाला जखम झाली तर आवणी उरकण्याची वाट पाहू नका. आशाताईंना सोबत घ्या आणि डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.