अल्झायमरवरील औषधी पट्टी : चाचणी कशी झाली, संमती कोणाची?

मुनिरका (नवी दिल्ली) : अल्झायमरच्या रुग्णाला वेळेवर गोळी देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. औषध घेतले की नाही, हे रुग्णाला आठवत नाही; काहींना गिळता येत नाही, तर काहींचे उपचार मळमळ व उलट्यांमुळे थांबतात. त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी या अडचणींतून पुढे आली.

या आजाराची व्याप्ती मोठी आहे. दिल्लीतील ‘एम्स’च्या सहभागाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, देशातील ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्ती, म्हणजे ७.४ टक्के ज्येष्ठ, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. अल्झायमर हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

पट्टीतील रिव्हास्टिग्मिन हे औषध मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचे विघटन रोखते. त्यामुळे लक्षणे काही काळ सौम्य होऊ शकतात. मात्र आजार बरा होत नाही. कॅप्सूल घेतल्यावर रक्तातील औषधाची पातळी झपाट्याने चढते व उतरते. पट्टीतून ते २४ तास संथपणे मिळत राहते.

‘आयडियल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत २१ देशांतील १,१९५ रुग्णांचा २४ आठवडे अभ्यास झाला. कोणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळू नये, म्हणून प्रत्येकाला पट्टी आणि कॅप्सूल दोन्ही देण्यात आल्या. त्यांपैकी औषध कशात आहे, हे गुप्त ठेवले गेले. ७० गुणांच्या स्मरण-आकलन कसोटीत २४ तासांत ९.५ मिलिग्रॅम औषध देणारी पट्टी औषधविरहित गटापेक्षा सरासरी १.६ गुणांनी सरस ठरली. हा लाभ कॅप्सूलइतकाच होता. मात्र मळमळीचे प्रमाण कॅप्सूल गटात २३.१ टक्के, तर या पट्टीच्या गटात ७.२ टक्के आढळले. अमेरिकेने जुलै २००७ मध्ये पट्टीस मान्यता दिली.

अशा चाचणीतील कळीचा प्रश्न संमतीचा असतो. स्वतःचा निर्णय समजून घेण्याची क्षमता गमावलेल्या रुग्णाच्या वतीने, भारतातील २०१९ च्या नियमांनुसार, कायद्याने मान्य प्रतिनिधी संमती देऊ शकतो. नीतिमत्ता समितीची पूर्वमंजुरी अनिवार्य आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व नुकसानभरपाईची तरतूदही आहे. कुटुंबाने स्वाक्षरीपूर्वी भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतील क्रमांक पडताळणे हिताचे. मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, अन्सारीनगरात मुख्यालय असलेल्या आयसीएमआरची ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली. ती सर्वांसाठी खुली आहे.

पट्टी वापरतानाही दक्षता हवी. जुनी पट्टी न काढता नवी लावल्यास औषधाची मात्रा धोकादायकरीत्या वाढते. अशा चुकांमुळे रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले असून क्वचित मृत्यूही ओढवले आहेत. पट्टी रोज एकदा, कोरड्या व निरोगी त्वचेवर लावावी. रुग्ण स्वतः काढण्याची शक्यता असल्यास पाठ ही योग्य जागा होय. तीच जागा १४ दिवस पुन्हा वापरू नये. तीन दिवसांहून अधिक खंड पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांत कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पट्टीने गिळण्याचा त्रास वाचतो. लक्ष ठेवण्याची जबाबदारी मात्र घरच्यांवरच राहते. पट्टी लावल्याची तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.