हुद्दा अंगात भिनला आहे का?

आदिलाबादेत घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि सिनेमा बहुतेकदा हिंदी. तीन भाषांत वावरणारा माणूस शब्दांइतकाच चेहराही वाचतो. लष्करी कोर्टाचा सिनेमा पारखायला ही सवय फार कामाची आहे.

अंगावर वर्दी असली की खटला लष्करीच, असं मात्र नाही. ‘रुस्तम’ (२०१६) ज्या नानावटी खटल्यावर बेतला, तो नौदलातल्या अधिकाऱ्याचा असूनही चालला मुंबईच्या सेशन्स कोर्टात, ज्यूरीसमोर. कोर्ट मार्शलची गोष्टच वेगळी. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी न्यायाला बसतात. कायदा समजावून सांगायला जज अ‍ॅडव्होकेट असतो, पण त्याला मत नसतं. मतं घेतात ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. कर्नल काय म्हणाले ते ऐकून कॅप्टनने मान डोलवू नये, म्हणून. शिवाय वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. बंद दाराआड आधी बोलावं लागणारा तो कॅप्टन! पटकथाकाराला याहून ताणाचा प्रसंग कुठे मिळणार? आपले सिनेमे मात्र साक्षीपुराव्यातच रमतात.

समर खानचा ‘शौर्य’ (२००८) घ्या. कॅप्टन जावेद खानवर वरिष्ठाच्या खुनाचा आरोप आहे आणि तो तोंडच उघडत नाही. दीपक डोब्रियालने हे मौन नुसतं गप्प बसून काढलेलं नाही. वकील समोर येऊन बसतो तेव्हाही त्याची पाठ ताठ, नजर स्थिर. कैदेतही तो सैनिकच आहे, हे त्या बसण्यातून कळतं. के. के. मेननचा ब्रिगेडियर साऱ्यांच्या लक्षात राहतो तो शेवटच्या लांबलचक जबानीमुळे. मला तो त्याआधीच जास्त पटतो. कोर्टात प्रश्न दुसरा कोणी विचारतोय, तरी खोली आपलीच आहे अशा थाटात तो बसलेला असतो. हुद्दा अंगात भिनलेला असतो तो असा.

पटकथा मात्र तिथेच कमी पडते. ब्रिगेडियरच्या मुस्लिमद्वेषाला ती घरच्या शोकांतिकेचं कारण देते, आणि जे सबंध यंत्रणेला विचारायला हवं होतं ते एका माणसाच्या जखमेवर येऊन थांबतं. स्वदेश दीपक यांचं ‘कोर्ट मार्शल’ हे हिंदी नाटक इथे कितीतरी पुढे जातं. सवार रामचंदरने गोळी झाडली, हे पहिल्यापासून उघड आहे. का झाडली, हे बचावाचा वकील कॅप्टन बिकाश रॉय एकेका साक्षीदाराकडून काढत जातो आणि वर्दीखालची जात बाहेर पडते. एकाच्या घरातलं दुःख सांगून तिथे कुणाची सुटका होत नाही. याच नाटकावरून २०११ मध्ये ‘मेलविलासम’ हा मल्याळी सिनेमा निघाला. कॅमेरा जवळजवळ कोर्टाच्या खोलीतून हलतच नाही. पार्थिबनचा आरोपी बराच वेळ नुसता ऐकत असतो, आणि आपली नजर वकिलाकडून पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळते.