गिअरपेटीतलं लाल तेल

"काका, डब्यातलं सरबतावानी लाल हाये, अन् गाडीतून निघालं ते काहून चहावानी?" परातीवर वाकून शेजारच्या पोराने विचारलं. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना हा प्रश्न मी स्वतः विचारायला हवा होता.

गाडी होंडा सिटी, २०१० ची, पाच गिअरची. पुण्यात वापरलेली, मग आमच्याकडे धामणगाव बढेला आली. मोताळा तालुक्यात अशा गाड्यांचं आता नवल राहिलेलं नाही. इंजिनाचं ऑइल सगळेच बदलतात. गिअरपेटीचं कधी बदललं हे विकणाऱ्याला आठवत नाही आणि घेणारा विचारत नाही. मिस्त्रीला विचारावं तर तो म्हणतो, "चालू हाये ना भाऊ? मंग कायले हात लावता?"

साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो, तो आपण पायाने दाबतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक चालू, एक बंद, अशी कल्पना करा. चालू पंख्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर आणला जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये.

तर या पेटीत तेल नुसतं वंगण नसतं. ते जोर पोहोचवतं, आतले क्लच दाबतं, उष्णता बाहेर नेतं. आणि एक विचित्र कामही करतं: गिअरच्या दातांवर घसरू द्यायचं, पण क्लचच्या चकत्यांवर घसरू द्यायचं नाही. हा तोल साधायला त्यात रसायनं मिसळतात. एके काळी अमेरिकेत त्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल वापरत. १९७० मध्ये तो देवमासा तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. लाल रंगाला मात्र काही गुण नाही. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनाचा की गिअरपेटीचा हे कळावं, एवढ्यासाठी रंग घातलेला असतो.

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर. तेल उष्णतेने जुनं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम शाळेतल्या रसायनशास्त्रातलाच. आम्ही घाटाखालचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट चढायचा. पुढे उसाची नाही तर कपाशीची ट्रॉली, मागे आपण रांगत. अशा वेळी त्या दोन पंख्यांचा वेग जुळत नाही, मधलं तेल घुसळलं जातं आणि तापतं. म्हणून 'हे तेल गाडीच्या आयुष्यभराचं' हा दावा मला पटत नाही. गाडीचं आयुष्य म्हणजे किती वर्षं, हे त्यात कुठे सांगितलेलं असतं? पहिल्या मालकाकडची वर्षं असतील तर गोष्ट वेगळी.

पान्याला हात लावण्याआधी एक खात्री करा. क्लचचं पॅडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या एकाच जातीच्या नव्हेत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली. तशा गाड्यांत पेटी साधीच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यात हे लाल तेल जात नाही. सिटीच्याच आधीच्या पिढीत सीव्हीटी होती, पट्टा आणि पुलीवाली. तिचं तेल पुन्हा निराळं. चुकीचं तेल घातलं तर पट्टा घसरतो आणि पेटीचा खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. माझ्या गाडीला आधी झेड-१ नावाचं तेल होतं, त्याची जागा कंपनीने डीडब्ल्यू-१ ला दिली. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांना एसपी-३ लागतं. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं दुकानदार म्हणाला तरी गाडीचं पुस्तक उघडा.

दुसरी भीती सगळीकडे ऐकू येते: जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरपेटी बसते. ही नुसती अफवा नाही. गिअर घसरायला लागला, झटके बसू लागले, की मगच लोकांना तेलाची आठवण होते. तोवर चकत्या झिजलेल्या असतात आणि दोष नव्या तेलाच्या माथी येतो. यंत्र लावून दाबाने पेटी धुतली तर तळाचा गाळ उठून बारीक वाटांत अडकू शकतो, हेही खरं. माझं मत असं: पेटी आधीच घसरत असेल तर तेलाकडून चमत्काराची अपेक्षा नको. नीट चालत असेल तर धुणं टाळा, नुसतं खालून सोडा आणि वरून भरा. हे घरी होतं.

काम तासाभराचं. गाडी थोडी फिरवून आणा, तेल कोमट हवं, उकळतं नको. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. खाली स्टँड हवेत, विटा नव्हेत, वीट फुटते. आणि आधी भरण्याचं तोंड उघडतंय ना ते पाहा. खालचा नट काढून पेटी रिकामी केली आणि वरचं झाकण जाम निघालं, तर गाडी जागची हलणार नाही.

माझ्या गाडीचा खालचा नट पाना न लागणारा, मधोमध चौकोनी खाच असलेला. रॅचेटचा ३/८ इंची चौकोन थेट त्यात बसतो. नट सुटला, धार परातीत पडली, आणि मी नटाचं टोक पाहिलं. त्यावर लोहचुंबक असतो. चुंबकावर करड्या रंगाचा लेप होता, काजळासारखा मऊ. बोटांत चोळला, खरखर लागली नाही. ही झीज नेहमीची. त्यात चकचकीत तुकडे किंवा टोकदार कीस असता तर मी तिथेच थांबलो असतो. तेलाला जळका वास नव्हता, हेही बरं.

नट परत बसवताना ॲल्युमिनियमचा वॉशर नवा घाला. आणि जोर लावू नका. पेटीही ॲल्युमिनियमचीच, तिचे आटे गेले तर रडू येईल. या नटाला ४९ न्यूटन-मीटर सांगितलेत. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला सोळा-सतरा किलो वजन टांगल्याएवढा ताण. ट्रॅक्टरचे नट आवळायची सवय असलेल्या हाताला हे फारच कमी वाटतं.

सर्वात जास्त लक्ष लागतं ते मापाला. निघालेलं तेल मी पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांत ओतून मोजलं. २.४ लिटर भरलं. तेवढंच नवं, लांब नळीच्या नरसाळ्यातून, डिपस्टिकच्या तोंडाने आत. घाई केली की नरसाळं तुंबतं आणि तेल इंजिनावर सांडतं. पेरताना चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कमी तेल जितकं वाईट तितकंच जास्तही; जास्त झालं की फेस होतो आणि फेस दाब धरत नाही.

मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, दांडा सगळ्या गिअरांतून एकेकदा फिरवायचा. माप बघायची रीत मात्र कंपनीगणिक वेगळी. माझ्या होंडात इंजिन गरम करायचं, रेडिएटरचा पंखा सुरू होऊ द्यायचा, इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक पाहायची. इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पाहतात. एकीची रीत दुसरीला लावली तर बरोबर भरलेलं तेलही चुकीचं दिसतं.

एवढं करून तेल सगळं बदलत नाही. पेटीत एकूण साडेपाच लिटरच्या आसपास, त्यातलं बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं. पहिल्या खेपेनंतर ५६ टक्के जुनंच राहतं, दुसऱ्या खेपेनंतर ३२, तिसऱ्यानंतर १८. म्हणून मी मधे काहीशे किलोमीटर गाडी चालवून तीन खेपा केल्या. तिसऱ्या वेळी परातीत आलेलं तेल पाहून पोरगा म्हणाला, "आता चहा नाही, सरबतच दिसते."

गाडीत फरक काय पडला? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हलका धक्का गेला. मायलेज वाढल्याचं मला तरी जाणवलं नाही.

राहिलं ते जुनं तेल, सात लिटरवर. एकाने बैलगाडीच्या आसाला मागितलं, दुसऱ्याने दाराच्या चौकटीला, वाळवीसाठी. आसाला ते टिकत नाही, फार पातळ. वाळवीला मारलं तर मातीत उतरतं, आणि आपल्याकडे विहीर दूर नसते. कायद्यानेही वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. मी ते झाकणाच्या डब्यात भरून मलकापूरला, तेल परत गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये दिलं. तुम्हीही नालीत ओतू नका. मलकापूर-बुलढाण्याला कधीतरी जाणं होतंच, डबा डिकीत टाका.