पाम स्प्रिंग्जमधील घर : भिंती आपल्या, जमीन कोणाची?

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे मोटारीने साधारण पावणेदोनशे किलोमीटर गेले की सॅन जासिंटो पर्वताच्या पायथ्याशी पाम स्प्रिंग्ज लागते. वाळवंटातले हे गाव. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ हजारांच्या आत होती. मात्र थंडीच्या दिवसांत कॅनडापासून शिकागोपर्यंतचे पाहुणे येथे मुक्कामाला येतात आणि गाव फुगते. जवळच्या इंडियन वेल्सला मार्च महिन्यात टेनिसची मोठी स्पर्धा भरते, तर इंडिओला एप्रिलमध्ये कोचेला संगीत महोत्सव होतो. दक्षिण कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा परिसर सहलीमुळे परिचित आहे. वर्षातून चार वेळा हॉटेलचे पैसे भरण्यापेक्षा एखादी छोटी सदनिकाच घ्यावी, हा विचार त्यामुळे अनेकांच्या मनात डोकावतो.

तेथून जाहिराती चाळायला सुरुवात होते आणि एक कोडे समोर येते. एकाच रस्त्यावरची दोन संकुले. दोन्हींत पोहण्याचा तलाव, दोन्हींतून डोंगराचे दर्शन, सदनिकांचे क्षेत्रफळही सारखेच. तरीही एका संकुलातील किंमत दुसऱ्यापेक्षा बरीच कमी असते. स्वस्त सदनिकेच्या जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत दोन शब्द असतात : ‘लीज लँड’. कोड्याचे उत्तर या दोन शब्दांत आहे आणि त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

बुद्धिबळाच्या पटासारखे गाव

पाम स्प्रिंग्जचा भूभाग मुळात काहुईया या आदिवासी जमातीचा. गावातील उष्ण पाण्याच्या झऱ्यावरून या समूहाचे ‘आग्वा कालिएन्ते’ हे स्पॅनिश नाव रूढ झाले. रेल्वेमार्ग टाकण्याच्या मोबदल्यात अमेरिकी सरकारने सदर्न पॅसिफिक कंपनीला मार्गाच्या दुतर्फा एकेक चौरस मैलाचे विषम क्रमांकाचे तुकडे दिले. १८७६ व १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी जमातीसाठी राखीव क्षेत्र ठरवले गेले आणि सम क्रमांकाचे तुकडे तिच्या वाट्याला आले. नकाशावर हे क्षेत्र आजही बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. रेल्वेचे तुकडे कालांतराने विकले जाऊन खासगी मालकीचे झाले. जमातीचे तुकडे मात्र केंद्र सरकारच्या विश्वस्ततेखाली राहिले. त्यांपैकी बरीच जमीन पुढे जमातीतील व्यक्तींच्या नावे वाटून दिली गेली. रस्ता ओलांडला की मालकीचा प्रकार बदलतो, तो यामुळे.

विश्वस्ततेखालील ही जमीन सर्वसामान्य खरेदीखताने घेता येत नाही, भाडेपट्ट्याने घेता येते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भाडेपट्ट्याची कमाल मुदत केवळ पाच वर्षे होती. पाच वर्षांसाठी कोण इमारत बांधणार आणि त्यासाठी कोणती बँक कर्ज देणार? व्हायोला ओर्टनर यांच्या नेतृत्वाखालील, केवळ महिलांचा समावेश असलेल्या जमातीच्या परिषदेने त्या काळात वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा केला. अखेर १९५९ मध्ये संसदेने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला मान्यता दिली. गावातील असंख्य हॉटेले आणि निवासी संकुले या एका निर्णयावर उभी आहेत.

या इतिहासाला काळी किनारही आहे. गावाच्या मध्यभागी असलेल्या ‘सेक्शन १४’ या चौरस मैलात कृष्णवर्णीय, मेक्सिकन व आदिवासी कष्टकऱ्यांची वस्ती होती. दीर्घ मुदतीचे पट्टे शक्य झाल्यावर त्या जागेचे मोल वाढले. १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथील रहिवाशांना हुसकावून त्यांची घरे पाडण्यात आली, जाळण्यात आली. नगरपालिकेने २०२१ मध्ये याबद्दल माफी मागितली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९ लाख डॉलरच्या तडजोडीला मंजुरी दिली. जमातीच्या जमीनमालकांवर ‘संरक्षक’ म्हणून नेमलेल्या मंडळींनीही त्यांच्या मिळकतीवर यथेच्छ हात मारला होता. न्यायालयाच्या आशीर्वादाने चाललेला तो कारभार ‘रिव्हरसाइड प्रेस-एंटरप्राइज’ या स्थानिक दैनिकाने उघडकीस आणला आणि त्यासाठी १९६८ मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

पट्ट्याचे गणित

नवी मुंबईत सिडकोच्या किंवा मुंबईत जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवर राहणाऱ्यांना भाडेपट्ट्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सदनिका आपली, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची. तिचे भाडे भरायचे आणि मुदत संपेपर्यंत उपभोग घ्यायचा. पाम स्प्रिंग्जमध्ये मुदतवाढ मिळाली नाही तर बहुतेक करारांनुसार इमारतीसह ताबा जमीनमालकाकडे जातो.

प्रत्यक्षात मात्र अडचण मुदत संपण्याच्या कितीतरी आधीच सुरू होते. अमेरिकेतील गृहकर्जांच्या बाजारावर ‘फॅनी मे’ या संस्थेच्या निकषांचा मोठा प्रभाव आहे. त्या निकषांनुसार कर्ज फिटल्यानंतरही भाडेपट्ट्याची किमान पाच वर्षे शिल्लक असावी लागतात. म्हणजे ३० वर्षांच्या कर्जासाठी ३५ वर्षे उरलेली हवीत. समजा, एखाद्या संकुलाचा पट्टा २०६५ मध्ये संपतो. २०३० पर्यंत तेथे ३० वर्षांचे कर्ज मिळण्यात या नियमाची आडकाठी येणार नाही. त्यानंतर मात्र गिऱ्हाइकाला कमी मुदतीचे, अर्थात मोठ्या हप्त्याचे कर्ज घ्यावे लागेल किंवा रोखीने व्यवहार करावा लागेल. गिऱ्हाइके घटली की किंमत घसरते. आज ३९ वर्षे शिल्लक असलेली सदनिका घेणाऱ्याला ती निर्धास्तपणे वापरता येईल. परंतु दहा वर्षांनी विकायला काढताना तिच्याकडे पाहणारे निम्मेही नसतील, ही शक्यता त्याने आजच्या किमतीत धरली पाहिजे. दलाल ‘मुदतवाढीची बोलणी सुरू आहेत’ असे सांगतात, आणि अनेकदा ते खरेही असते. पण मुदतवाढीसाठी जमिनीच्या सर्व हक्कदारांशी बोलणी करावी लागतात, केंद्र सरकारच्या आदिवासी कामकाज विभागाची मान्यता लागते आणि नवे भाडे जुन्या भाड्याइतके राहील याची हमी कोणी देत नाही. स्वाक्षरी झालेला कागद दिसेपर्यंत मुदतवाढ झाली असे समजू नये.

भाड्याचेही तसेच. काही पट्ट्यांत भाडे महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेले असते, तर काहींत ठरावीक वर्षांनी जमिनीचे नव्याने मूल्यांकन होते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण एका फटक्यात भाडे कित्येक पटींनी वाढू शकते. जमीन आपली नाही म्हणून मालमत्ता कर लागणार नाही, हा आणखी एक गोड गैरसमज. रिव्हरसाइड परगणा भाडेपट्ट्याच्या हक्कावर कर आकारतो. त्याला जमातीने व पट्टेदारांनी वेळोवेळी आव्हान दिले. १९७१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने आणि २०२० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने हा कर वैध ठरवला.

काँडो, टाऊनहोम आणि सोसायटी

काँडो म्हणजे फ्लॅट आणि टाऊनहोम म्हणजे रो-हाऊस, असे ढोबळमानाने म्हणता येते. कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. काँडो हा मालकीचा प्रकार आहे, टाऊनहोम हा बांधणीचा. भिंतीला भिंत लागलेले दुमजली रो-हाऊस कागदोपत्री काँडो असू शकते. तेव्हा छप्पर आणि बाहेरच्या भिंती सामायिक ठरतात. दुसऱ्या प्रकारात घराखालचा तुकडा आणि छप्पर मालकाचे असते. छप्पर गळू लागल्यावर खर्च कोणाचा, हे यावरून ठरते. जाहिरातीतील शब्दावर विसंबून न राहता टायटल अहवालातील मिळकतीचे वर्णन वाचावे. काँडोची कल्पना आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेपेक्षा १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याला अधिक जवळची आहे : सदनिका स्वतःची आणि सामायिक भागात अविभक्त हिस्सा.

सोसायटीचे काम तेथे घरमालकांची संघटना पाहते. १९८५ चा डेव्हिस-स्टर्लिंग कायदा तिला लागू होतो. आपल्याकडील सिंकिंग फंडासारखी गंगाजळी किती आहे आणि किती असायला हवी, याचा आढावा संघटनेला घ्यावा लागतो. त्यासाठी किमान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष पाहणी आवश्यक असते. गंगाजळी आटली की ‘विशेष वर्गणी’ येते. वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंतची वर्गणी संचालक मंडळ सभासदांच्या मतदानाशिवाय लावू शकते, तर नियमित शुल्क वर्षाला २० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. पाम स्प्रिंग्जची अनेक संकुले १९६० आणि ७० च्या दशकांतील आहेत. सपाट छपरे, काचेच्या मोठ्या भिंती ही त्या काळातील आधुनिक वास्तुशैली आज फॅशनमध्ये आहे. फेब्रुवारीत तिच्यासाठी खास ‘मॉडर्निझम वीक’ भरतो. या देखण्या सपाट छपरांना ठरावीक काळाने नव्याने लेप द्यावा लागतो आणि जमिनीखालच्या जुन्या नळांचेही आयुष्य कधीतरी संपते, हे त्या उत्सवात कोणी सांगत नाही.

बर्कली येथे २०१५ मध्ये बाल्कनी कोसळून सहा विद्यार्थी दगावले. त्यानंतर २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने तीन किंवा अधिक सदनिकांच्या काँडो इमारतींना लाकडी आधाराच्या उंच बाल्कन्या व जिने तपासून घेणे बंधनकारक केले. पहिल्या तपासणीची मुदत १ जानेवारी २०२५ ही होती. असा भाग असलेल्या संकुलात हा अहवाल तयार नसेल तर संघटनेच्या कारभाराविषयी वेगळे काही विचारण्याची गरज उरत नाही.

भाड्याच्या उत्पन्नाचे स्वप्न

‘आपण नसू तेव्हा पर्यटकांना देऊ, हप्ता त्यातून सुटेल,’ हा हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. तो येथे सर्वांत आधी तपासावा. संघटनेला ३० दिवस वा त्याहून कमी काळासाठी घर भाड्याने देण्यास बंदी घालता येते आणि अनेक संकुलांनी ती घातली आहे. संघटनेची हरकत नसली तरी नगरपालिकेचा परवाना लागतो. नगरपालिकेने २०२२ च्या अखेरीस नियम आवळले : कोणत्याही निवासी विभागात २० टक्क्यांहून अधिक घरांना नवे परवाने नाहीत आणि नव्या परवानाधारकाला वर्षात २६ हून अधिक करार नाहीत. विक्रेत्याचा परवाना खरेदीदाराकडे येत नाही. शेजारच्या कॅथेड्रल सिटीने तर २०२३ च्या प्रारंभापासून, काही अपवाद वगळता, असे भाडे बंदच केले. विक्रेत्याने गेल्या वर्षी किती कमाई केली, हे आकडे त्यामुळे खरेदीदाराच्या फारसे उपयोगाचे नसतात. महिन्याच्या बोलीवर हिवाळी पाहुण्यांना घर देण्याचा मार्ग उरतो, मात्र तो हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच.

उरलेल्या महिन्यांत वाळवंट आपले खरे रूप दाखवते. जुलैत दुपारचे सरासरी तापमान ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ५ जुलै २०२४ रोजी ते ५१ अंशांवर गेले, तो गावाचा विक्रम. बंद घरातही वातानुकूलन पूर्ण थांबवता येत नाही. वर्षाला जेमतेम पाच इंच पाऊस पडणाऱ्या या गावात २० ऑगस्ट २०२३ रोजी ‘हिलरी’ वादळाने एका दिवसात तीन इंचांहून अधिक पाऊस पाडला आणि महामार्ग बंद पडला. सॅन अँड्रियास भूभ्रंश याच खोऱ्यातून जातो. नेहमीच्या घरविम्यात भूकंप आणि पूर दोन्ही येत नाहीत. त्यांसाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात व त्यातून घर घेता येते. पती-पत्नी सहमालक असतील तर दोघांची मर्यादा एकत्र वापरता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांवरील अशा रकमेवर बँक २० टक्के कर उगमस्थानी गोळा करते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातील घर विवरणपत्रात दाखवणे सक्तीचे आहे.

अमेरिकेतून मायदेशी परतलेल्यांनी तेथे असताना घेतलेले घर स्वतःकडे ठेवायला भारतीय कायद्याची आडकाठी नाही. पण अमेरिकेचे नागरिकत्व नसेल आणि करकायद्याने ते ‘परदेशी’ ठरत असतील, तर विक्रीच्या वेळी खरेदीदार सर्वसाधारणपणे एकूण किमतीच्या १५ टक्के रक्कम अमेरिकी करखात्यासाठी कापून घेतो. कापणी नफ्यावर नसते, किमतीवर असते. परतावा विवरणपत्र भरल्यावरच. त्याहून कमी ठाऊक असलेली बाब वारसा कराची. तेथे वास्तव्य नसलेल्या परकीय नागरिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या अमेरिकेतील मालमत्तेला केवळ ६० हजार डॉलरची सूट मिळते. भारताचा अमेरिकेशी याबाबत करार नाही.

कॅलिफोर्नियातील प्रचलित खरेदी करारात कागदपत्रे व घराची तपासणी करून माघार घेण्यासाठी सर्वसाधारणपणे १७ दिवस मिळतात. गंगाजळीचा आढावा, वर्षभराच्या सभांची इतिवृत्ते, बाल्कनीचा अहवाल, विम्याची प्रत हे संघटनेकडून विक्रेत्यामार्फत येते. भाडेपट्ट्याची मूळ प्रत व तिच्या दुरुस्त्या मात्र बऱ्याच पानांच्या असतात आणि भाडेवाढीचे कलम त्यात कुठेतरी मध्यावर दडलेले असते. ती प्रत पहिल्याच दिवशी मागून स्थानिक वकिलाच्या हाती देणे इष्ट. त्याला वाचायलाही त्या सतरा दिवसांतलेच काही दिवस लागतात.